तिसऱ्या मजल्यावरचा न पेटणारा दिवा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? एक डोळा किलकिला ठेवून बघणाऱ्यांनी तोही मिटावा, मला सगळं दिसतं. आता कल्पना करा की तुम्ही बागेतल्या झोपाळ्यावर बसला आहात आणि मागे एक माणूस धक्के द्यायला उभा आहे. हा माणूस आळशी असेल तर झोपाळा मंदावत मंदावत थांबेल. फारच उत्साही असेल, म्हणजे आमच्या जावयासारखा, तर झोपाळा वरच्या दांडीवर जाऊन आपटेल आणि तुमच्या आईला घरून बोलावून आणावं लागेल. पण माणूस शहाणा असला, तर वाऱ्याने आणि कड्यांच्या कुरकुरीने जेवढा वेग खाल्ला तेवढाच तो परत देईल. मग झोपाळा एकसारखा झुलत राहील. कुठे धक्का नाही, कुठे आपटणं नाही.

असाच झोपाळा विजेचा केला आणि तो सेकंदाला शेकडो वेळा झुलवला, की स्पीकरमधून एक शुद्ध, गुळगुळीत सूर निघतो. त्या यंत्राला ऑसिलेटर म्हणतात. त्यात धक्के मोजून देणाऱ्या शहाण्या माणसाचं काम करतो एक इवलासा तारेचा दिवा. सूर मोठा होऊ लागला की दिव्यातली तार तापते. तापली की ती विजेला जास्त अडवते आणि सूर खाली येतो. सूर खाली आला की तार निवते आणि वीज पुन्हा मोकळी सोडते. गंमत म्हणजे एवढं सगळं करताना दिवा पेटत नाही. तो नुसता कोमट होतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या इमारतीतल्या एकाही मोठ्या माणसाने ती लक्षात ठेवली नाही आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

उघडा डोळे.

तर मी एक निवृत्त शिक्षक. शाळेत विज्ञान शिकवायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, तुमची आजी (म्हणजे माझी बायको, पण इमारतीतली सगळी मुलं तिला आजीच म्हणतात), मुलगा, सूनबाई आणि आमची नात. नात तिसरीत आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. ती एका जागी उभी असलेली अजून कुणी पाहिलेली नाही, त्यामुळे नाव बदलायचं काही कारण पडलेलं नाही.

या भिंगरीची एक सवय होती. काही गुपित असलं, की ती माझ्या खुर्चीच्या हातावर चढायची, माझ्या कानाला तोंड लावायची आणि कुजबुजायची. मी गंभीर चेहरा करून मान डोलवायचो आणि "हो, हो" म्हणायचो. घरातला गुप्त खात्याचा मंत्रीच होतो म्हणा ना. आता तुम्हाला म्हणून सांगतो, अलीकडे मला त्या कुजबुजीतलं फारसं काही कळत नव्हतं. कानाला नुसती गरम हवा लागायची. पण मंत्र्याने अज्ञान दाखवायचं नसतं.

एकदा ती अशीच खुर्चीवर चढली आणि काहीतरी कुजबुजली. मी मान डोलवली. "हो, हो," म्हणालो. पोरगी टुणकन खाली उतरली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी विचारलं, आजोबा, तुम्हाला माझं काहीच ऐकू येत नाही ना? तर म्हणतात हो, हो!"

सूनबाई चहाचा कप तोंडाशी धरून आत पळाली. मुलाला एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी बघायचं आठवलं. माझं मंत्रिपद त्याच क्षणी गेलं. त्या दिवसापासून भिंगरीची गुपितं स्वयंपाकघरात, आजीच्या कानात जाऊ लागली. मी वर्तमानपत्राआडून बघत बसायचो. दोघी कुजबुजायच्या, हसायच्या, आणि मी विचारलं की आजी म्हणायची, "काही नाही हो, आमचं आमचं."

मुलांनो, माणसाला बहिरा म्हटलेलं सोसवतं. "आमचं आमचं" सोसवत नाही.

आजीने लगेच कानाच्या डॉक्टरांकडे माझं नाव नोंदवलं. मी म्हणालो, "मी जाणार नाही."

"का?"

"तिथे यंत्रातून सूर ऐकवतात. तो सूर शुद्ध असतो कशावरून? सुरात भेसळ असली तर एका सुराबरोबर चोरून दुसरे चार बारीक सूर येतात. मग मी ऐकला कोणता आणि नाही ऐकला कोणता, हे ठरवणार कोण? असल्या परीक्षेला मी बसत नाही."

"अहो, गावातली एवढी माणसं जातात."

"जातात, कारण त्यांनी विज्ञान शिकवलेलं नाही. माझा सूर मी स्वतः तयार करीन. अगदी शुद्ध. आणि त्याच्यावर माझे कान मी तपासून दाखवीन."

आजीने हातातली पळी खाली ठेवली. ती पळी खाली ठेवते तेव्हा विषय गंभीर असतो. "ठीक आहे. आणि तुमच्याच सुरावर तुम्ही नापास झालात तर?"

"तर मुकाट्याने येईन डॉक्टरांकडे."

"भिंगरी, तू साक्षीदार," आजी म्हणाली. भिंगरीने साक्षीदाराचा चेहरा केला. मी कामाला लागलो.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं. त्यावरून मुलगा आणि मी यांच्यात जे बोलणं झालं ते लहान मुलांच्या गोष्टीत येण्यासारखं नाही. यंत्राचे बाकीचे सगळे भाग घरातल्या खोक्यात होते. दिवाही मिळाला, जुन्या टॉर्चमधला. सगळं जोडलं, झाळलं, बटण दाबलं, आणि स्पीकरमधून सूर निघाला. मी आनंदाने आंघोळीला गेलो. परत येतो तो यंत्र किंचाळत होतं! सूर कसला, करवतीने पत्रा कापावा तसा आवाज. टेबलाजवळ सूनबाई कानावर हात ठेवून उभी.

"बाबा, मी काही केलं नाही. तुमचा दिवा गेला होता, तो फक्त बदलला."

"गेला होता म्हणजे?"

"पेटत नव्हता ना. ड्रॉवरमध्ये नवा एलईडी होता, तो लावला. बघा ना, कसा लख्ख पेटलाय."

खरंच लख्ख पेटला होता. धक्का मोजून देणाऱ्या शहाण्या माणसाच्या जागी सूनबाईने जावयाला उभं केलं होतं. नव्या दिव्याला तापणं, निवणं, अडवणं यातलं काही ठाऊक नसतं. "आणि जुना दिवा कुठाय?" मी विचारलं. जुना दिवा कचऱ्याच्या गाडीतून गावाबाहेर पोचला होता. सूनबाई गुणी आहे. घरातली गेलेली वस्तू ती क्षणभर ठेवत नाही. माझ्याकडे ती अधूनमधून जरा विचारात पडून बघते असं मला वाटतं, पण तो माझा भ्रम असेल.

मग मी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "किती उजेड हवाय?"

"उजेड नकोय."

"मग?"

"तारेचा छोटा दिवा हवाय. पेटवायचा नाहीये."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे कुणी सोबत आलंय का ते बघितलं. "काका, तारेचे दिवे आता कुणी ठेवत नाही. आणि न पेटणारे तर आम्ही परत कंपनीकडे पाठवतो."

दुसऱ्या दुकानात हेच. तिसऱ्यात यापेक्षा थोडं वाईट. मी वैतागून घरी आलो, लिफ्टमध्ये शिरलो आणि तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. दाराच्या वर आकड्यांची पट्टी आहे. लिफ्ट ज्या मजल्यावर असेल तो आकडा उजळतो. शून्य, एक, दोन, तीन... पिवळसर, मऊ उजेड. माझी मान वर आणि तोंड उघडं राहिलं. प्रत्येक आकड्यामागे एक इवलासा तारेचा दिवा होता!

आता तुम्ही म्हणाल, आजोबांनी दिवा चोरला. मुळीच नाही. मी रीतसर चिटणिसांकडे गेलो. आमच्या इमारतीच्या कमिटीचे चिटणीस तळमजल्यावर राहतात आणि इमारतीतल्या प्रत्येक खिळ्याला आपला नातेवाईक समजतात. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. झोपाळा, धक्का, कोमट तार, सगळं. तुम्हाला सांगितलं तसंच.

"दिवा काढायचा म्हणजे कमिटीसमोर विषय ठेवावा लागेल," ते म्हणाले.

"बैठक कधी आहे?"

"विषय असला की असते."

"मग हा विषय आहे ना."

"हा विषय आहे की नाही, ते बैठकीत ठरेल."

मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. शाळेत वर्षानुवर्षं मुलांच्या तोंडून उत्तर येण्याची वाट बघितलेली, त्यामुळे मला बसता येतं. शेवटी त्यांची जेवायची वेळ झाली. "काढा बाबा," ते म्हणाले. "पण जागा रिकामी दिसता कामा नये. तिथे नवा दिवा लावा, चांगला, वीज वाचवणारा."

मी त्याच दुपारी लिफ्टवाल्या मेकॅनिकला गाठलं. त्याने तीन आकड्यामागचा तारेचा दिवा काढून मला दिला आणि तिथे एलईडी बसवला. मी घरी येऊन दिवा यंत्रात लावला, त्याच्याखाली ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली, "हा दिवा चांगला आहे. पेटत नाही. हात लावू नये." आणि बटण दाबलं. सूर लागला, आणि काय लागला! मी भिंगरीला हाक मारली. कितीही रुसली तरी नव्या यंत्राला नाही म्हणणं तिला जमत नाही. ती आली, मान वाकडी करून ऐकू लागली.

"कसाय?"

"छान आहे. पण यात डास आहे."

"डास?"

"सुराच्या मागे. बारीक. ईंईंईं."

मी ऐकलं. डास नव्हता. हे पाहा, अशा वेळी शास्त्रज्ञ वाद घालत नाही, प्रयोग करतो. मी दुसरं एक छोटं यंत्र बनवलं. ते काय करतं? चहा गाळणीतून जातो ना, तसा सूर यातून जातो. मुख्य सूर अडतो आणि त्यातली भेसळ तेवढी पलीकडे येते. पलीकडे हेडफोन लावायचा. सूर शुद्ध असेल तर हेडफोनमध्ये शांतता. मी हेडफोन लावला. अहाहा, काय शांतता! मी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "भेसळ शून्य! एवढा शुद्ध सूर या शहरात कुणी केला नसेल."

भिंगरीने हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. "आता तर नुसता डासच ऐकू येतोय," ती म्हणाली.

 आजीने माझ्याकडे बघितलं, आणि हातात पळी नसतानाही ती खाली ठेवल्यासारखं वाटलं.

मुलांनो, माझी चूक तुमच्या लक्षात आलीच असेल. मला उशीर लागला. सूर तपासायचा होता तो माझे कान तपासण्यासाठी, आणि मी सूर तपासत होतो माझ्याच कानांनी. या पद्धतीने मी जितका बहिरा होत जाईन, तितका माझा ऑसिलेटर शुद्ध होत जाईल. मी निमूटपणे हेडफोन बाजूला ठेवला आणि मीटर जोडला. मीटरच्या काट्याला कान नसतात, त्यामुळे त्याला मानही नसतो, अपमानही नसतो. काटा उठला आणि डासाच्या बाजूने उभा राहिला.

इतक्यात दाराची बेल वाजली. पाचव्या मजल्यावरच्या काकू भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभ्या. "अय्या, हे आमचं घर नाही," त्या म्हणाल्या. "लिफ्टमध्ये तळापासून तीनच दिसत होता, मग कुणीतरी मध्येच थांबवली, दार उघडलं, तरी तीनच, मग मी म्हटलं हा आकडाच खोटा, आपला मजला आला असेल... हे काय वाजतंय?"

काकूंच्या मागोमाग पहिल्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार आले. त्यांना खाली जायचं होतं. त्यांच्यामागे एक पार्सल देणारा माणूस आला, तो तर चौथ्यांदा आला होता. मी धावत जाऊन लिफ्ट बघितली. तीनचा आकडा सतत मिणमिणत होता! लिफ्ट कुठेही असो, तीन आहेच. कारण सोपं होतं. जुन्या इमारतीतल्या तारांमधून इकडून तिकडे थोडीशी वीज झिरपत असते. तेवढ्याने तारेचा दिवा ढिम्म हलत नाही. पण एलईडी एवढा गरीब स्वभावाचा की चिमूटभर विजेवरही मिणमिणतो. म्हणजे बघा, माझ्या घरात एक दिवा पेटत नव्हता म्हणून लोक नावं ठेवत होते, आणि लिफ्टमध्ये एक दिवा विझत नव्हता म्हणून लोक माझ्या घरात येत होते.

आणि आलेला प्रत्येक माणूस काहीतरी सुचवून जात होता. काकू म्हणाल्या, "डास आहे ना? मग फवारा मारा." आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी पिशवीतून नवाकोरा फवारा काढून यंत्रावर मारला. फौजदार म्हणाले, "दिवा पेटत नाही, कारण तुम्ही त्याला कमी वीज देताय. दाबून द्या. दाबल्याशिवाय कुणी कबूल होत नाही." पार्सलवाला म्हणाला, "काका, एवढे कष्ट कशाला, असला सूर मोबाइलमध्ये फुकट मिळतो." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी त्याच्याशी बोललोच नाही.

डासाचं मूळ मात्र मला सापडलं होतं. एकटा दिवा इतकी वीज ओढत होता, की ती पुरवताना यंत्रातल्या ॲम्प्लिफायरला धाप लागत होती. सामान उचलून जिना चढणारा माणूस बोलताना मध्येच फुसफुसतो ना, तशी. ती फुसफुस म्हणजे डास. उपाय एकच, दोन दिवे एकामागे एक जोडायचे. मग वीज कमी ओढली जाते, प्रत्येक दिवा आणखी थंड डोक्याने काम करतो आणि ॲम्प्लिफायरचा श्वास मोकळा होतो.

दोन दिवे म्हणजे आणखी एक दिवा.

तुम्ही ओळखलंत. पण कुणाच्या मजल्याचा घ्यायचा? काकूंचा फवारा माझ्या डोक्यात अजून वास मारत होता. मी पाचव्याचा घेतला. चिटणिसांनी "काढा" म्हटलं होतं. एकच काढा असं काही म्हटलं नव्हतं. मेकॅनिक कुरकुरला, पण त्याने काढून दिला.

त्या संध्याकाळपासून लिफ्टमध्ये तीन आणि पाच दोन्ही मिणमिणू लागले. माणूस चौथ्यावर असला की तीन, चार आणि पाच असे तिन्ही आकडे त्याच्याकडे बघायचे. लोक अंदाजाने उतरू लागले. फौजदार भलत्याच घरात शिरून पंखा लावून बसले, तेव्हा त्या घरातल्या माणसांनी त्यांना बराच वेळ पाहुणा समजून चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबंध कमिटी माझ्या दारात. पुढे चिटणीस, त्यांच्यामागे फौजदार, त्यांच्यामागे काकू. विषय आहे की नाही ते एकदाचं ठरलं होतं.

"मास्तर, दिवे परत द्या," चिटणीस गरजले.

आणि त्याच क्षणी टेबलावरचा ऑसिलेटरही गरजला. म्हणजे काय झालं, की दिव्यातली तार फार नाजूक असते. खोलीत कुणी मोठ्याने बोललं, पाय आपटला, की ती थरथरते, आणि तिच्याबरोबर सूर हेलकावे खातो. चिटणीस दचकले. "हे काय?"

"तुमचा राग," मी म्हणालो. "आता स्पीकरमधूनही ऐकू येतोय. हळू बोला, नाहीतर पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागेल."

"मी हळू का बोलू? दिवे इमारतीचे आहेत!" सूर पुन्हा डगमगला.

"आजोबा, सांगा ना त्यांना," भिंगरी कळवळून म्हणाली. "डास आत्ताच गेला होता."

मी मीटरकडे बघितलं. काटा तळाला टेकला होता, नुसता टेकला नव्हता, झोपला होता. दोन दिवे, न पेटता, शेजारी शेजारी बसून आपलं काम करत होते. सूर असा शुद्ध झाला होता, की तो ऐकताना यंत्र आठवत नव्हतं. मला वाटलं, कमिटी गेली खड्ड्यात. पण दिवे जाणार होते, आणि माझी परीक्षा अजून व्हायची होती.

"दिवे देतो," मी म्हणालो. "फक्त आधी पाच मिनिटं सगळ्यांनी खाली बसा, पाय न हलवता. माझ्या कानांची परीक्षा आहे. ती झाली की घेऊन जा."

माणसाच्या फजितीची वेळ ठरलेली असेल तर शेजारी थांबतातच. सगळे बसले. मी मीटर गाळणीवरून काढून थेट सुराला जोडला, म्हणजे सूर वाजतोय तोवर काटा उभा राहील. फौजदार म्हणाले, "आमचीही घ्या. आमचे कान अजून शाबूत आहेत." चिटणीस म्हणाले, "माझे तर शंभर टक्के."

"ठीक," आजी म्हणाली. आजीने सूत्रं हातात घेतली म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. "भिंगरी बटण फिरवेल. सूर हळूहळू बारीक करत नेईल. ऐकू येतंय तोवर हात वर. ऐकू येईनासा झाला की हात खाली. आणि तुम्ही," ती माझ्याकडे वळली, "तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा."

"का?"

"काटा दिसतो तुम्हाला तिथून."

खरंच दिसत होता. मी ठरवून तिथे बसलो नव्हतो, पण खुर्ची मात्र मीच ठेवली होती. मी भिंतीकडे वळलो. हात वर केला.

सूर सुरू झाला. जाड, गोल, मधासारखा. किती सुंदर होता, सांगतो तुम्हाला. माझ्या हातचा होता. भिंगरी बटण फिरवू लागली आणि सूर चढू लागला; शिट्टीएवढा झाला, मग त्याहून बारीक, मग केसाएवढा, आणि मग तो थांबला.

"यंत्र बंद पडलं," मी म्हणालो. "बघा, कुणीतरी पाय हलवला."

 मी मागे वळून बघितलं. सगळ्यांचे हात वर होते. आजीचा, काकूंचा, फौजदारांचा, चिटणिसांचा. आणि मीटरचा काटा उभा होता, शांत, न डगमगता.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "वाजतोय."

मी हात खाली घेतला. फार वेळ लागला नाही त्याला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोन दिवे, एक लिफ्ट आणि जेवणाचं टेबल वेठीला धरलं होतं. वर सूर शुद्ध होता. भेसळीवर ढकलायची सोय माझी मीच बंद केली होती.

भिंगरीने मात्र बटण सोडलं नाही. ती फिरवत गेली. थोड्या वेळाने फौजदारांचा हात खाली आला, त्यांनी तो मिशीवरून फिरवण्यासाठीच घेतला असं दाखवलं. मग आजीचा. मग काकूंचा. उरला चिटणिसांचा. तो ताठ वर होता. भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बोट ओठांवर ठेवून आवाजाचं बटण हळूच शून्यावर नेलं. काटा खाली पडला. खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

चिटणीस हात वर धरून बसले होते. चेहऱ्यावर मंद स्मित. "स्पष्ट," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट."

पहिल्यांदा काकूंना हसू फुटलं. मग फौजदार हसले ते असे, की दोन्ही तारा थरथरल्या असतील. चिटणिसांनी सावकाश हात खाली घेतला आणि ते कपाळ पुसू लागले. मला त्यांची कीव आली. आम्ही दोघं एका वर्गात नापास झालो होतो, आणि नापास मुलाला हसायचं नसतं हे मी जन्मभर शिकवलं होतं. मी म्हणालो, "चिटणीस, लिफ्टमधल्या त्या दोन दिव्यांना मी एकेक छोटा रेझिस्टर जोडून देतो. झिरपणारी वीज तिकडून निघून जाईल. आकडे मिणमिणणार नाहीत."

"बरं होईल," ते खाली बघत म्हणाले. दिव्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. जाताना दारात मात्र थबकले आणि आजीला हळूच विचारलं, "वहिनी, ते कानाचे डॉक्टर बसतात कुठे?"

सगळे गेले. मी खुर्चीत बसलो. "त्या डॉक्टरांकडे माझं नाव पुन्हा घाल," मी आजीला म्हणालो.

"काढलं कुठे होतं?" ती म्हणाली, आणि जिंकलेल्या माणसाने जे जे म्हणायचं असतं त्यातलं एक अक्षर न बोलता आत गेली.

मुलगा येऊन माझ्या कानाशी ओरडून गेला, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका!" सूनबाई त्याहून मोठ्याने ओरडली, "हल्ली खूप छोटी मशीन्स असतात!" मायेने ओरडत होती दोघं. पण माणसावर ओरडलं की त्याची तार तापते आणि तो आणखीच अडून बसतो. मी अडून बसलो.

भिंगरी टेबलाशीच होती. तिने आवाज पुन्हा सुरू केला आणि बटण उलट फिरवायला घेतलं. हळू, अगदी हळू. ती यंत्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. बारीक सूर कुठूनतरी परत आला, शिट्टीएवढा झाला, जाड झाला. मला नकळत माझा हात वर गेला. तरी ती थांबली नाही. आणखी खाली, आणखी खाली, जिथे सूर पोटात वाजल्यासारखा वाटतो तिथे आली. मग तिने स्पीकरला कान लावला आणि घशातून आवाज काढून बघितला. "ऊंऊं." जमला नाही. हनुवटी छातीला टेकवली. "ऊंऊंऊं." एखाद्या पोक्त म्हाताऱ्याने घसा खाकरावा तसा तो आवाज सुराला जाऊन मिळाला.

तिने यंत्र बंद केलं, खुर्चीच्या हातावर चढली, माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली नाही, ओरडलीही नाही. त्या जाड, सावकाश, म्हाताऱ्या आवाजात तिने मला एक गुपित सांगितलं. शब्दन् शब्द ऐकू आला.

"हो, हो," मी म्हणालो.

"हो हो नाही," तोच म्हातारा आवाज म्हणाला. "काय सांगितलं ते सांगा."

मी तिच्या कानाला तोंड लावलं आणि जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं परत सांगितलं. काय, ते तुम्हाला सांगणार नाही. आमचं आमचं.

भिंगरीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग गंभीर चेहरा करून हात वर केला.